रोज बेंगॉल संच : गाईंसाठीची चाचणी डॉल्फिनच्या रक्तावर कितपत खरी उतरते?

गाईगुरांतील सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस, ओळखण्यासाठी वापरला जाणारा रोज बेंगॉल संच मी गेली काही वर्षे किनाऱ्यावर वाहून आलेल्या डॉल्फिनांच्या रक्तनमुन्यांसाठी वापरत आहे. संचासोबतच्या माहितीपत्रकात डॉल्फिनचा साधा उल्लेखही नाही. तरीही चाचणी चालते, कारण तिच्यातील अँटिजेन (मेलेल्या जिवाणूंचा गुलाबी द्रव) ज्या ब्रुसेला अबॉर्टस या जिवाणूपासून बनवतात, त्याच्या बाह्य आवरणातील शर्करासाखळ्या डॉल्फिनमध्ये आढळणाऱ्या ब्रुसेला सेटीशी पुष्कळ जुळतात. सागरी सस्तन प्राण्यांत ब्रुसेला सापडल्याच्या पहिल्या नोंदी 1994च्या आहेत आणि ब्रुसेला सेटी हे नाव 2007मध्ये रूढ झाले, पण प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेली प्रथिने, तपासायला आपण अजूनही गोठ्यातलेच हत्यार उसने घेतो.

वापरायला हा संच अतिशय सुटसुटीत आहे. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर सीरमचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा) 25 ते 30 मायक्रोलिटरचा थेंब, त्याशेजारी तेवढेच गुलाबी अँटिजेन, दोन्ही काडीने एकत्र करायचे आणि फरशी चार मिनिटे हलक्या हाताने डोलवत राहायची. प्रतिपिंडे नसतील तर थेंब शेवटपर्यंत एकसारखा गुलाबी राहतो. असतील तर त्यात बारीक रव्यासारखे कण उमटतात आणि भोवतालचा द्रव निवळत जातो. अँटिजेन आधी खोलीच्या तापमानाला आणून बाटली नीट हलवून घेतली नाही, तर पुसट निकाल हमखास फसवतात. अँटिजेनचा सामू मुद्दाम आम्लधर्मी, सुमारे 3.65 ठेवलेला असल्यामुळे निरर्थक गुठळ्या कमी होतात, ही या संचाची मोठी जमेची बाजू आहे.

खरी अडचण नमुन्यात असते. जिवंत प्राण्याच्या शेपटीच्या पात्यातील शिरेतून घेतलेले रक्त उत्तम चालते. मृत प्राण्याच्या हृदयातून काढलेल्या रक्तातल्या पेशी मात्र बहुधा फुटलेल्या असतात आणि लालभडक सीरमवर गुलाबी कण शोधणे म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. असे नमुने मी आता या फरशीवर घेतच नाही. शिवाय येर्सिनिया एन्टरोकोलिटिका या दुसऱ्याच जिवाणूच्या ओ:9 प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडेही येथे गुठळ्या करू शकतात, म्हणून होकारार्थी निकाल स्पर्धात्मक एलायझाने, म्हणजे प्रतिपिंडे शोधणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळा-चाचणीने, पडताळावाच लागतो. या एलायझाला त्या प्राणिजातीसाठी वेगळे अभिकर्मक लागत नाही, हे देवमासे आणि डॉल्फिनांच्या बाबतीत फार सोयीचे आहे.

होकारार्थी निकालाचा अर्थ या प्राण्याचा ब्रुसेलाशी कधीतरी संबंध आला होता, एवढाच घ्यावा. मेंदूदाहाने तोल गेलेला पट्टेरी डॉल्फिन आणि वरवर धडधाकट प्राणी या दोघांचे थेंब सारखेच दिसू शकतात. आजार सिद्ध करायचा तर मेंदू, मेंदूजल किंवा वार (प्लासेंटा) यांतून जिवाणू वाढवावा लागतो किंवा पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, करावी लागते. एरिसिपेलोथ्रिक्स या जिवाणूच्या झपाट्याने मारणाऱ्या संसर्गात तर प्रतिपिंडांची वाट पाहायला वेळच नसतो. तेथे पांढऱ्या पेशी, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) आणि रक्तकण खाली बसण्याचा वेग यांतील वाढ, त्याचबरोबर सीरममधील लोह व अल्कलाइन फॉस्फेटेज यांची घसरण, हेच आधी पाहावे लागते. या कामी रोज बेंगॉलचा काहीही उपयोग नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

प्राथमिक चाळणी म्हणून मी हा संच निःसंकोच सुचवतो, पण सोबत येणारी नियंत्रण सीरमे (निकाल आधीच माहीत असलेले तुलनेचे नमुने) गाईची असतात, ही माझी कायमची तक्रार आहे. खात्रीने ओळखलेले डॉल्फिनचे एक होकारार्थी आणि एक नकारार्थी सीरम स्वतःजवळ गोठवून ठेवावे आणि प्रत्येक फेरीत तेही फरशीवर घ्यावे. हातमोजे मात्र विसरू नयेत: बाटलीतील जिवाणू मेलेले असतात, पण डॉल्फिनच्या नमुन्यातले जिवंत असू शकतात आणि सागरी ब्रुसेलाची लागण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला झाल्याची नोंद आहे.