लुळ्या मनगटासाठी तयार कॉक-अप स्प्लिंट: घ्यावा, पण पट्टी वाकवून

दंडाचं हाड मोडलं, किंवा खुर्चीच्या पाठीवर हात टाकून रात्रभर गाढ झोप लागली, की दुसऱ्या दिवशी मनगट उचलत नाही. मनगट आणि बोटं उचलणारी नस, म्हणजे रेडियल नर्व्ह, दंडाच्या हाडाला मागून बिलगून जाते, म्हणून ती तिथेच दबते किंवा दुखावते. डॉक्टर ‘कॉक-अप घ्या’, म्हणजे मनगट वर धरून ठेवणारा पट्टा घ्या, असं लिहून देतात आणि घरचं कुणीतरी पुण्यात टिळक रोडला किंवा ससूनच्या आसपास सर्जिकलच्या दुकानात जातं. तिथे चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या तयार स्प्लिंटबद्दल हे.

वस्तू कामाची आहे. चांगल्या हाताचं मनगट खाली लोंबतं सोडून मूठ आवळून बघा, जोरच येत नाही. लुळ्या हाताची दिवसभर हीच गत असते. मनगट २० ते ३० अंश वर धरलं की पेला, कंगवा, पेन पुन्हा धरता येतं. नस मात्र या पट्ट्यानं बरी होत नाही. ती तिच्या चालीनं, दिवसाला साधारण १ मि.मी. वाढते. मार बसलेल्या जागेपासून पहिला स्नायू १० सें.मी.वर असेल तर तीन-सव्वातीन महिने झालेच. तोवर सांधे आखडू नयेत आणि हात वापरात राहावा, एवढंच याचं काम. झोपेत दबलेली नस बहुतेक वेळा त्याच्या आतच शुद्धीवर येते.

खोट आहे ती आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत. बरेच तयार स्प्लिंट जवळजवळ सरळच येतात आणि दुकानदार तसेच बांधून देतो. पट्टी स्प्लिंटच्या खिशातून बाहेर काढा, मनगटाची घडी जिथे येते तिथे पेनानं खूण करा आणि टेबलाच्या कडेवर थोडी थोडी वाकवा. कोन मोजायला मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. मागे-पुढे वाकवत बसलात तर पट्टीला चीर जाते.

नंतर तळहात बघा. स्प्लिंटची कड हृदयरेषेच्या (बोटांखालच्या पहिल्या आडव्या रेषेच्या) अलीकडे, मनगटाच्या बाजूला थांबली पाहिजे आणि अंगठ्याभोवतीची आयुष्यरेषा मोकळी हवी. ज्योतिषाचा एवढा तरी उपयोग! कड रेषेवर चढली तर बोटं मुळातून वाकत नाहीत, आणि काही आठवड्यांत तेच सांधे ताठरतात. वरच्या बाजूला स्प्लिंट कोपरापर्यंतच्या दोन तृतीयांश अंतरावर पोचावा. आखूड असला तर हाताचं वजन मनगटाशीच काचतं. डावा-उजवा वेगळा असतो आणि माप मनगटाच्या घेरावरून घेतात. म्हणून नुसता आकडा सांगून मागवू नका, हात घेऊन दुकानात जा.

वेल्क्रो आवळायचा मोह टाळा. अंगठ्याच्या बाजूला मनगटाच्या हाडावरून याच नसेची संवेदनेची फांदी जाते. ती दाबली गेली की हाताच्या पाठीवर मुंग्या येतात आणि ‘नस परत आली’ असा गैरसमज होतो. स्प्लिंट काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर तिथे दाब जास्त आहे. दर दोन तासांनी काढून दुसऱ्या हातानं मनगट आणि प्रत्येक बोट १० वेळा पूर्ण सरळ करा.

रबर-स्प्रिंगवाला डायनॅमिक स्प्लिंट बोटंही उचलतो, पण तयार मिळणारा बहुधा पैसे वाया. त्याची वादी बोटाच्या मुळाशी, पहिल्या पेरावर बसून काटकोनात ओढायला हवी. ती शेंड्याकडे घसरते, आणि बसमध्ये शेजाऱ्याच्या पिशवीत अडकते ते वेगळंच. तो हवा असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून मापाचा करून घ्या. टेन्सचं मशीन, म्हणजे कातडीवरून विजेचे हलके झटके देणारं यंत्र, दुखणं कमी करण्यासाठी असतं. त्याच्या अगदी क्षणिक झटक्यांनी नस तुटलेला स्नायू हलत नाही, तेव्हा ‘सोबत हेही न्या’ला नाही म्हणा.

एक फसवी गोष्ट. स्प्लिंट बांधल्यावर बोटांची पुढची पेरं सरळ होतात, घरचे खूश होतात. ते काम मुख्यतः अल्नर नर्व्ह या हातातल्या दुसऱ्या नसेच्या छोट्या स्नायूंचं. खरी परीक्षा म्हणजे बोट मुळाच्या सांध्यातून उचलणं. सुधारणा येते तेव्हा आधी मनगट, मग बोटं, अंगठा सगळ्यांत शेवटी.

बोलणं अडखळत असेल किंवा तोंड वाकडं झालं असेल तर तो पक्षाघात असू शकतो; दुकान नको, थेट इमर्जन्सी. दुचाकीवरून पडून खांदा आणि कोपरही उचलत नसेल तर मानेतून निघणाऱ्या नसांच्या जाळ्यालाच मार बसलेला असू शकतो. तिथे हा स्प्लिंट तोकडा, आणि त्या शस्त्रक्रियेचा निर्णय पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हावा लागतो. नुसतं मनगट असेल तर ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नसा आणि स्नायूंची विजेवरची तपासणी, तीन आठवड्यांनी करा. आधी केली तर नस फक्त बधिर आहे की तुटली आहे, हे नीट उमगत नाही. तीन-चार महिन्यांत काहीच हललं नाही तर हॅण्ड सर्जन गाठा.

स्प्लिंट बांधून ॲक्टिव्हा चालवू नका, ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. धुताना पट्टी काढा, वाळवताना ऊन टाळा. पावसाळ्यात आतला फोम दोन दिवस ओला राहतो आणि कातडीला खाज सुटते, म्हणून जून-जुलैत घेत असाल तर दोन घ्या.