नवा लॉगिन, आत जुनंच व्हीबी६: सॉफ्टवेअर रूपांतराच्या नावाखाली फसवणूक

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी६, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) आणि अ‍ॅक्सेस या डेटाबेसमध्ये होतं. ‘सगळं डॉटनेटवर (मायक्रोसॉफ्टच्याच नव्या तंत्रावर) नेतो’ म्हणत कंत्राटदाराने निम्मी रक्कम आगाऊ घेतली आणि चकचकीत मेनू दाखवून उरलेलीही उचलली. मेनूमागे जुनीच ईएक्सई (प्रोग्रॅमची फाइल) चालत होती. व्हीबी६च्या आयडीईचा (कोड लिहिण्याच्या साधनाचा) सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ सालीच थांबवलाय. नेमकी हीच भीती दाखवून पैसे काढले जातात.

हे पकडता येतं. प्रोसेस एक्सप्लोरर (चालू प्रोग्रॅम दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) चालू करा, नव्या प्रोग्रॅममधून एखादा रिपोर्ट उघडा आणि त्या वेळी कोणती ईएक्सई जागी होते, ती कोणत्या डीएलएल (जोडफाइल) लोड करते ते बघा. ‘एमएसव्हीबीव्हीएम६०’ दिसली की आत व्हीबी६ आहे. ही फाइल विंडोजसोबतच येते, त्यामुळे ती नुसती डिस्कवर सापडली म्हणजे पुरावा होत नाही. काही भाग तात्पुरते जुने ठेवणं गैर नाही. ते लपवून पूर्ण कामाचं बिल लावणं ही फसवणूक.

सगळ्यात घातक प्रकार मराठी नावांचा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये खातेदारांची नावं युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतात) नसतात, जुन्या फाँटच्या सांकेतिक अक्षरांत असतात. ती युनिकोडमध्ये न बदलता तशीच नव्या डेटाबेसमध्ये ओततात आणि प्रत्येक मशीनवर जुना फाँट टाकून देतात. स्क्रीनवर ‘कुलकर्णी’ व्यवस्थित दिसतं, पण युनिकोडमध्ये टाइप करून शोधलं तर सापडत नाही आणि एसएमएसमध्ये रोमन अक्षरांचा कचरा जातो. दहा-वीस नावं, विशेषतः रफार आणि जोडाक्षरांची, नोटपॅडमध्ये पेस्ट करून मंगल या युनिकोड फाँटमध्ये वाचा; कचरा दिसला, तर नावं बदललेली नाहीत.

व्याजातले पैसेही तपासा. व्हीबी६चं राउंड फंक्शन ०.१२५ चे ०.१२ करतं, एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचं ०.१३. हिशोब एकीकडून दुसरीकडे हलवताना याकडे लक्ष दिलं नाही, तर तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळत नाही. व्याज आकारणीचा एक महिनाअखेर दोन्ही प्रणाली समांतर चालवा, त्याआधी शेवटचा हप्ता सोडू नका.

सोर्स कोडपासून प्रोग्रॅम कोऱ्या मशीनवर तुमच्यासमोर तयार (बिल्ड) करून घ्या. डेटाबेसचा अ‍ॅडमिन पासवर्ड संस्थेकडे हवा. बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सहसा त्याच्याकडेच राहतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही, तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं.