१९४३ ची केरशॉ दुर्बीण, ६ बाय ३०: वर्षभर वापरून

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी घेतली, साडेचार हजारांना, घासाघीस करून. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश आर्मीची दुर्बीण आहे, वरच्या पत्र्यावर 'बायनो प्रिझम नं. २ मार्क २', खाली लीड्सच्या केरशॉ कंपनीचं नाव, १९४३ आणि बाणाची ती खूण, म्हणजे सरकारी माल. ब्रिटिश-भारतीय सैन्यातही या होत्या म्हणून आपल्याकडे अजून सापडतात.

आधी कौतुक करतो कारण खरंच तसं वाटतंय. पुढची ३० मिमी व्यासाची काच भागिले ६ पट (चित्र इतकं मोठं दिसतं), म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोल ५ मिमीचा, त्यामुळे संध्याकाळी सिंहगडावरून खाली बघताना, जेव्हा मोबाईलमध्ये नुसता राखाडी गाळ दिसतो तेव्हा, या दुर्बिणीत झाडाच्या फांद्या वेगवेगळ्या दिसतात. आणि हात हलला तरी चित्र फार नाचत नाही, ६ पट कमी वाटत असेल तरी हातात धरून बघायला हेच बरं.

फोकस दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा लावायचा, एकदा लावला की लांबचं सगळं स्पष्ट. युद्धात तेच हवं होतं, पण झुडपातलं फुलपाखरू बघायला ही घेऊ नका, प्रत्येक वेळी दोन्ही बाजू फिरवत बसाल. चष्मेवाल्यांनाही अडचण होते, डोळा फार जवळ न्यावा लागतो. माझीला कोटिंग, म्हणजे प्रकाश परत जाऊ नये म्हणून काचेवर देतात तो पातळ थर, नाहीये, काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत जातो, त्यामुळे उन्हासमोर धरली की चित्रावर पांढुरकी साय येते. जर्मनीच्या झाइस कंपनीवाल्यांनी कोटिंग १९३५ मध्येच शोधलं होतं, पण ते जर्मनांकडे.

घेताना वर्ष बघू नका, काच बघा. पुढून मोबाईलचा टॉर्च मारा आणि मागून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे आणि ती जुनी असेल तर पुसूनही काचेवर डाग राहतो. कडेला पिवळट किंवा इंद्रधनुषी चट्टा दिसला तर भिंगं चिकटवणारं बाल्सम सुटलंय. मग समोरच्या घराचं छप्पर दोन्ही डोळ्यांनी बघा, एकाची दोन दिसली तर भाव पाडा नाहीतर सोडा.

हे मला नंतर कळलं. मी साफ करायला दिली तिथून परत आली तेव्हा दोन-दोन चंद्र दिसायला लागले आणि पाच मिनिटांत डोकं ठणकायचं, फार वाईट वाटलं होतं. शेवटी एका म्हाताऱ्या घड्याळवाल्या काकांनी पुढच्या भिंगांच्या एक्सेंट्रिक रिंगा (फिरवल्या की भिंग जरासं बाजूला सरकतं अशा कड्या) केसभर केसभर फिरवत अख्खी दुपार घालवली, मी समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघून सांगत होतो, "काका, अजून थोडं डावीकडे", आणि एका क्षणी दोन्ही टाक्या एकमेकींत शिरल्या.

५ पैकी ४. एक मार्क फक्त उन्हातल्या त्या सायीचा कापला. पावसाळ्यात आता डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो, चामड्याच्या मूळ केसमध्ये नाही, चामडं ओल धरतं.