ट्रॉलीचे बंक बदलताना 'मरीन' या एका शब्दावर होणारी फसवणूक

मे अखेरीस मालवण-तारकर्लीकडे वॉटर स्पोर्ट्स थांबतात आणि फायबरच्या बोटी ट्रॉलीवर चढतात. पुढचे तीन महिने बोटीचा सगळा भार तळाखालच्या दोन लांब पट्ट्यांवर असतो. यांनाच बंक म्हणतात. त्या बदलून घेताना १६ फुटी बोटीच्या एका मालकाची पद्धतशीर फसवणूक झाली. बिलावर होतं: मरीन प्लाय, एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड) बोल्ट, मरीन कार्पेट. एका पावसाळ्यानंतर बोट उचलली तेव्हा प्लायचे थर सुटलेले होते, बोल्ट तांबडे पडले होते आणि एका बोल्टचं डोकं वर येऊन जेलकोटमध्ये, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरात, रुतलं होतं. बिलातल्या तिन्ही वस्तूंपैकी एकही खरी नव्हती.

आधी प्लाय. मरीन प्लायचं भारतीय मानक आयएस ७१०. बाजारात 'मरीन' असं ठळक छापलेला, पण खाली आयएस ३०३ चा शिक्का असलेला माल सर्रास मिळतो. ३०३ हा घरातल्या फर्निचरचा साधा प्लाय. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना कोणत्या मानकाचा आहे ते दुकानात उभ्या उभ्या कळतं. खऱ्या ७१० च्या तुकड्याला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. घरी एवढं कोण करणार, पण छोटा तुकडा पातेल्यात आठ तास उकळला तरी हलका माल तोंड उघडतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे: ७१० अस्सल असला तरी बंकसाठी प्लाय घेऊच नये. प्लायमधले जवळपास निम्मे थर आडवे असतात. चार इंची पट्टी कापून दोन ब्रॅकेटच्या मध्ये टाकली की ते आडवे थर वाकण्याला काहीच अडवत नाहीत, आणि कापलेल्या चारही कडांमधून पाणी आत शिरतं. म्हणजे ग्राहक दुप्पट पैसे मोजून कमी ताकदीची वस्तू घेतो. इथे अख्खं लाकूडच हवं.

लाकूड म्हणजे सागाचा गाभा. फसवणूक होते ती कडेच्या पांढरट भागात. तो भाग लवकर कुजतो, म्हणून त्यावर रंग किंवा तेलाचा हात मारून देतात. रंधा मारलेली, रंगवलेली पट्टी घेऊ नका. टोकाकडून इंचभर कापायला सांगा आणि ताजा काप बघा. 'केमिकल ट्रीटेड' म्हणून हिरवट लाकूड पुढे केलं तरी हाच उपाय: हिरवा रंग आतपर्यंत गेलेला दिसला पाहिजे. नुसती वरची कड हिरवी असेल तर ते ब्रशने रंगवलेलं आहे. बोट ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचं रसायन भरलेलं लाकूड तिच्या तळाला मुळीच लागू देऊ नका. खाऱ्या पाण्यात ते ॲल्युमिनियम खातं.

मापातही मारतात. ८ फूट लांब, ४ इंच रुंद, २ इंच जाड अशा दोन पट्ट्यांचं लाकूड होतं ०.८९ घनफूट. रंध्यात जाणारं धरलं तरी सव्वा घनफुटाचं बिल मान्य करू नका. लांबी मात्र ट्रान्समपर्यंत, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीपर्यंत, पूर्ण हवी. इंजिनाचं वजन तिथेच लटकतं. बंक अलीकडे संपला तर तळाला कायमचा बाक येतो.

बोल्टच्या बाबतीत 'चुंबक लावून बघा, चिकटत नाही' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि चांगल्या ३०४ चा थंड घडवलेला बोल्ट थोडा चिकटूही शकतो. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं. ते ओळखणारं थेंबांचं किट स्टील विकणाऱ्या मोठ्या दुकानात असतं; समोर थेंब टाकून घ्या. ३१६ परवडत नसेल तर गरम गॅल्व्हनाइज केलेला (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) गोल डोक्याचा कॅरेज बोल्ट बरा. तो खरबरीत, मळकट राखाडी दिसतो. चकचकीत असेल तर ते नुसतं झिंक प्लेटिंग, खाऱ्या हवेत एका हंगामाचं. डोकं लाकडात किमान ६ मिलिमीटर खोल बसवा आणि भोकाच्या आतून इपॉक्सी (पाणी अडवणारा राळेचा लेप) फिरवा.

लाकडावर प्लास्टिकची पट्टी लावायची असेल तर 'एचडीपीई' म्हणून दिलेला तुकडा गोड्या पाण्यात टाका. शुद्ध माल तरंगतो. बुडला तर त्यात भुकटी भरलेली आहे, किंवा ते पीव्हीसी आहे. प्लास्टिकच्या पट्टीवरून बोट झटकन घसरते, म्हणून बोट पाण्यात जाईपर्यंत विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या चरख्याचा) पट्टा सोडायचा नाही.

कार्पेट पॉलिप्रॉपिलीनचं आणि मागे रबर नसलेलं हवं. रबर पाणी धरून ठेवतं आणि लाकूड आतून सडतं. खालची बाजू उघडी ठेवा, स्टेपल स्टेनलेसच्या आणि बाजूने मारा, वरून नाही.

बिलावर 'मरीन मटेरियल' चालवून घेऊ नका. लाकडाची जात, माप, बोल्टचा ग्रेड, नग, सगळं लिहून घ्या. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बसवण्याआधी एक बोल्ट आणि लाकडाचा कापलेला तुकडा बिलासोबत ठेवा. प्लाय गळ्यात मारलाच असेल तर शिक्का असलेला कोपरा सुताराला फेकू देऊ नका, तक्रारीत तोच पुरावा लागतो.