एजंट म्हणाला, 'बोर्ड होईपर्यंत फिजिओथेरपी बंद ठेवा'

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या आवरणाला इजा करते, असा हा आजार. बाहेरून बघणाऱ्याला मी बरी दिसते, उजवा पाय थोडा ओढत चालते एवढंच. पण ऊन लागलं, अंग तापलं की नजर धूसर होते आणि पायातला जोर जातो. सावलीत तासभर पडून राहिलं की परत येतो. हे आधीच सांगते, कारण मला फसवणाऱ्याने नेमकं हेच हेरलं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यात हा आजार आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, तेव्हा आमच्यासारख्यांना कुणी विचारत नव्हतं. निदान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे, आणि तेवढ्याच्या आतला दाखला आमच्याकडे होता. अनुदान तेव्हा महिन्याला 1,500 रुपये होतं. माझ्या औषधांना तेवढाही आधार पुष्कळ होता.

टक्के ठरवणारा डॉक्टरांचा बोर्ड असतो, त्याच्यासाठी ऐन एप्रिलमध्ये सिव्हिल हॉस्पिटलला गेले. बाकावर जागा नव्हती. बारा वाजता हातातल्या केसपेपरवरची अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली, मी भिंतीला धरून खाली बसले. एक माणूस पाण्याची बाटली घेऊन आला. झाकणही त्यानेच उघडून दिलं. म्हणाला, "ताई, तुमच्यासारख्यांनी इथं उभं राहायचंच नाही. फाईल माझ्याकडे द्या, घरी बसून काम होईल." त्या क्षणी मला तो देवासारखा वाटला. आजारी माणसाला पैशापेक्षा उभं राहणं महाग पडतं, आणि ते या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

आधी 2,000 रुपये ऑनलाइन अर्जाचे. मग 4,500 तारीख लावायला. मग 8,000 टक्के वाढवायला. हे शेवटचे पैसे मी दिले, हे लिहिताना जड जातंय, पण लपवून उपयोग नाही. भिशीचे पैसे होते, फिजिओथेरपीसाठी बाजूला ठेवलेले. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज करायला एक रुपयाही लागत नाही, हे मला नंतर कळलं.

त्याने अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. "तुम्हाला मेसेजचा त्रास नको." त्यामुळे अर्जाचं काय चाललंय ते फक्त त्यालाच कळणार. आधारचा ओटीपी मी दोनदा फोनवर सांगितला. आणि एमआरआयच्या मूळ फिल्म, डिस्चार्ज कार्ड, न्यूरोलॉजिस्टचे पहिले कागद, सगळं त्याच्या पिशवीत गेलं. बोर्डाला ओरिजिनल लागतं, असं त्याचं म्हणणं. बोर्डापुढे मूळ कागद दाखवायचे असतात हे खरं, पण ते आपण आपल्या हातांनी दाखवायचे आणि आपल्याच पिशवीत परत ठेवायचे.

यापुढचं मात्र मला अजून झोपू देत नाही. मे महिन्यात तो म्हणाला, "ताई, पाय सुधारला तर टक्के जातील. बोर्ड होईपर्यंत फिजिओ बंद ठेवा." मी बंद केली. पैसेही उरले नव्हते, त्यामुळे त्याचं ऐकणं सोपं गेलं. गोळ्या चालू ठेवल्या, पण व्यायाम पूर्ण दोन महिने नाही. पोटरी दगडासारखी झाली. रात्री पायात वांब यायचे, तेव्हा आई उठून तळवा दाबत बसायची.

असं तुम्हाला कुणी सांगितलं, मग तो एजंट असो की नातेवाईक, तर तिथेच थांबा. उपचार घेतल्याने हक्क जात नाही. उलट नियमित उपचारांचे कागद हाच तुमचा पुरावा असतो. पुढे खऱ्या तपासणीत डॉक्टरांनी माझी फाईल चाळली आणि पहिला प्रश्न हाच विचारला, "मधले दोन महिने कुठे गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुलैत त्याने यूडीआयडी कार्ड आणून दिलं. निळं, लॅमिनेट केलेलं, 82 टक्के. 40 च्या खाली पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं आणि 80 पासून पुढे निळं, असे रंग असतात. माझ्या पायाला कुणा डॉक्टरचा हातही लागला नव्हता, तरी मी निळं कार्ड घेऊन तहसीलला गेले. तिथल्या कारकुनाने नंबर टाकला, थोडा वेळ गप्प राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, हा नंबर दुसऱ्याच्या नावावर आहे. हे घेऊन कुठं जाऊ नका." दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेतला तर 2016 च्या त्याच कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही त्यानेच सांगितलं. कार्डावर फोटो माझा, नाव माझं. अडकले असते तर मीच. त्या भल्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

एजंटचा फोन तेव्हापासून बंद. पोलिसांत तक्रार दिली. पैसे यूपीआयने गेले होते, म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही कळवलं, पण तोवर फार उशीर झाला होता. असं झालं तर त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात 1930 ला फोन करा. नवा अर्ज भरायला गेले तर माझ्या आधारवर आधीच एक अर्ज पडलेला, त्याच्या नंबरचा. तो निस्तरण्यात आणखी चार आठवडे गेले. एमआरआयच्या फिल्म मिळाल्या नाहीत. आजार वाढला की थांबला, ते न्यूरोलॉजिस्ट जुन्या फिल्मशी ताडून बघतात, आणि माझं ताडून बघायचंच गेलं.

ऑक्टोबरमध्ये बोर्डापुढे स्वतः गेले. सकाळी सातला, छत्री, ओला रुमाल आणि भावाला घेऊन. चालता येत नाही म्हटल्यावर शिपायाने आम्हाला आधी आत सोडलं. हे एप्रिलमध्येही मागता आलं असतं, मी मागितलंच नव्हतं. 45 टक्के मिळाले, पाच वर्षांसाठी, मग फेरतपासणी. खर्च झेरॉक्सचा आणि रिक्षाचा. 2025 मध्ये दिव्यांगांचं अनुदान 2,500 रुपये झालं, त्यातून आता फिजिओथेरपी चालते.

दर मंगळवारी फिजिओथेरपिस्ट मला खुर्चीवर बसवते, टाच जमिनीला टेकवून पंजा वर उचलायला सांगते आणि खाली पट्टी धरते. एजंट भेटायच्या आधी, मार्चमध्ये पंजा सहा सेंटिमीटर उचलला जायचा. परवा चार भरले.