परत आलेला हार आधी काट्यावर ठेवा

जुन्या चांदीच्या रुपयांचा हार ऑनलाइन दुकानात लावला की काही गिऱ्हाइकं भावाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यांना हाराचे मागून काढलेले फोटो हवे असतात, प्रत्येक नाण्याचं साल हवं असतं, कड्यांचे डाक, म्हणजे झाळलेले जोड, जवळून बघायचे असतात आणि वजन अगदी बरोब्बर हवं असतं. हौशी संग्राहकही हे सगळं विचारतो, त्यामुळे विक्रेत्याला संशय येत नाही, उलट बरंच वाटतं. पण संग्राहक घासाघीस करतो. हाराची हुबेहूब नक्कल करवून तीच परत पाठवणारा ठग मात्र मागाल ती किंमत देतो, कारण ते पैसे त्याला परत मिळणारच असतात.

पुढचा क्रम ठरलेला असतो. हार पोचतो. परत करण्याची मुदत संपायच्या एक-दोन दिवस आधी निरोप येतो, ‘फोटोत दिसला तसा नाही, परत पाठवतो.’ पार्सल येतं, हार तसाच दिसतो, सालंही तीच, वजन ग्रॅमभर इकडेतिकडे. विक्रेता पैसे परत करतो आणि हार पुन्हा विक्रीला लावतो. तो गाठवायला किंवा पॉलिशला सोनाराकडे गेला की कळतं, सगळा माल गिलटाचा, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त मिश्रधातूचा आहे. तोवर महिना उलटलेला असतो आणि पलीकडचं खातं बंद झालेलं असतं.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं लिहून ठेवल्याने हे टळत नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यावीच लागते, आणि ठगाच्या तक्रारीत नेमकं ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हेच लिहिलेलं असतं. मोठ्या ऑनलाइन बाजारांत वाद गेला तर तिथला माणूस दागिना हातात घेऊन बघत नाही. परतीचं पार्सल तुमच्या पत्त्यावर पोचलं एवढं त्याला पुरतं. मोबाइलला निदान आयएमईआय नंबर असतो. जुन्या दागिन्याची ओळख तुम्ही लिहून ठेवली असेल तेवढीच.

म्हणून ओळख लिहायची ती माल घरातून निघायच्या आधी. नुसतं वजन लिहून काही होत नाही, कारण वजन जुळवणं नक्कल करणाऱ्याला सोपं असतं. वजन आणि माप दोन्ही लिहा. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. या चांदीची घनता साधारण १०.३ असते. गिलट म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्याची घनता ८.६ च्या आसपास. त्याच व्यासाचं नाणं गिलटात ओतलं तर ते हलकं भरतं. वजन जुळवायचं तर ते सुमारे पाचव्या हिश्शाने जाड करावं लागतं. वजन आणि जाडी एकाच वेळी जुळवायला त्याच्याकडे चांदीच हवी. तेव्हा व्हर्नियर कॅलिपरने नाण्याच्या कडेची जाडी दोन-तीन ठिकाणी मोजा आणि तो आकडा विक्रीच्या पानावर मुळीच टाकू नका. पानावर वजनही ‘साधारण १८५ ग्रॅम’ असं लिहिलं की पुरे. खरा आकडा तुमच्या वहीत आणि पार्सलमधल्या बिलावर राहू दे.

घनता घरी काढता येते. त्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका, बुडबुडे चिकटले असतील तर दोरा हलवून घालवा. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर त्या नाण्याचं आकारमान. कोरडं वजन त्याने भागा. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवतो, गिलटाच्या रुपयाला १.३६ च्या. नाणं झिजलेलं असेल तर वजन कमी भरतं, भागाकार मात्र बदलत नाही. कडीच्या डाकात पितळ असतं, त्यामुळे कडीसकट मोजल्यास आकडा थोडा खाली येतो. हार ओवलेला असताना ही चाचणी करू नका. गोफात हवा अडकते आणि भलतंच उत्तर मिळतं.

ही चाचणी भरीव मालापुरतीच. ठुशी, कोल्हापुरी साज, वज्रटीक, जुने पोकळ तोडे यांत लाख भरलेली असते, तिथे घनतेचा काही उपयोग नाही. लाखेमुळेच दुसरी फसवणूकही होते: लाखेसकट वजन करून सगळी चांदी म्हणून पैसे घेतले जातात. तोडा हातात घेऊन नखाने टिचकी मारली तर भरीव चांदी वाजते आणि लाखेचा माल ठस्स आवाज देतो. अशा दागिन्यांची ओळख ठेवायची ती खुणांवरून. कुठल्या मण्याला पोचा आहे, साजातल्या कोणत्या पानाची कडी नंतर बदललेली आहे, गाठवणीची शेवटची गाठ कशी मारली आहे. गाठवून घेताना आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही असा एक धागा वेगळ्या रंगाचा टाकायला सांगा. पटवेकऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही आणि नक्कल करणाऱ्याला तो फोटोत दिसत नाही.

याशिवाय एकदाच वापरता येणारा, नंबर असलेला सील टॅग दागिन्याला अशा जागी अडकवा की तो न तोडता दागिना घालता येणार नाही. ‘टॅग तुटला असेल तर माल परत घेतला जाणार नाही’ ही अट विक्रीच्या पानावर आणि बिलावर, दोन्हीकडे हवी. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण घासाघीस करणारं खरं गिऱ्हाईक याला नाही म्हणत नाही.

पॅकिंगचा व्हिडिओ सगळेच काढतात, आणि बहुतेक निरुपयोगी काढतात. बंद खोक्याभोवती फिरवलेला कॅमेरा काहीच सिद्ध करत नाही. व्हिडिओ एकसलग हवा. त्यात काटा शून्यावर दिसावा, मग दागिना काट्यावर, मग दागिन्याच्या खुणा आणि टॅगचा नंबर, मग तो डबीत, डबी खोक्यात, चिकटपट्टी, आणि शेवटी कुरियरचं लेबल वाचता येईल इतकं जवळ. मध्ये कुठेही तुकडा जोडू नका, संगीत टाकू नका. परत आलेलं पार्सलही याच पद्धतीने उघडा: आधी लेबल आणि चिकटपट्टी, मग काटा. आणि काटा बघेपर्यंत ‘मिळालं, धन्यवाद’ असा निरोप पाठवू नका. वादात तो निरोप तुमच्याच विरोधात वापरला जातो.

माल विकत घेताना जी फसवणूक होते तिच्याबद्दल विक्रेते कमी बोलतात, कारण तिथे आपण व्यापारी म्हणून उभे असतो. ‘घर मोडतंय, आजीची चांदी, किलोच्या भावात’ असा लॉट व्हॉट्सॲपवर येतो. नमुना म्हणून येणारे पैंजण चोख असतात, लॉटमध्ये वर चांदी आणि खाली गिलट. काळेपणावर अजिबात भरवसा ठेवू नका. लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या रसायनाच्या कोमट पाण्यात नवा दागिना काही मिनिटांत काळा पडतो. मग फक्त उंचवटे पुसले की पन्नास वर्षं वापरल्यासारखा दिसतो. खऱ्या वापराची झीज अंगाला घासते तिथे असते: कड्यांच्या आतल्या बाजूला, आकड्याच्या वळणात, जोडव्याच्या खालच्या अंगाला. कडी जिथे कडीत फिरते तिथे खाच पडलेली नसेल, तर दागिना फारसा अंगावर गेलेला नाही.

टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढणाऱ्या मशिनचा कागद दाखवला तरी एक गोष्ट विचारा, वाचन कुठे घेतलं? क्ष-किरणांचं ते मशिन फार तर मिलिमीटरच्या काही शतांशांइतकंच खोल बघतं. जाड मुलामा असेल तर मशिन मुलाम्याचाच टंच सांगतं. न दिसणाऱ्या जागी कानसीने बारीक खाच घेऊन तिथे वाचन घ्या, किंवा त्या खाचेची रेघ कसोटीवर ओढून वर नायट्रिक ॲसिडचा थेंब टाका. गिलट, पितळ किंवा तांबं असेल तर रेघ हिरवट होऊन विरते. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. ‘९२५’ हा नुसता ठसा तर कोणीही मारतो. तो हॉलमार्क नव्हे.

नाण्यांच्या हारात आणखी एक गंमत चालते. १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, वजन मात्र तेच ११.६६. पुढे राणीछाप, मानेमागे जॉर्ज सहावा, असा हार ओवलेला असतो. १९४७ चा रुपया तर निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. आणि ‘१८६२ चा दुर्मिळ रुपया’ कोणी जास्त भावाने देत असेल तर हसून सोडून द्या. ते साल नंतरही कित्येक वर्षं ठशावर तसंच ठेवलं होतं, त्यामुळे १८६२ चे रुपये ढिगाने मिळतात. नथ-तन्मणीतल्या ‘बसरा’ मोत्यांबद्दल, म्हणजे आखातातल्या नैसर्गिक मोत्यांबद्दल, थोडक्यात: नैसर्गिक की कल्चर्ड (मुद्दाम वाढवलेला) हे खात्रीने सांगायला प्रयोगशाळेत एक्स-रे लागतो. दातावर घासून फक्त प्लास्टिक-काचेची नक्कल ओळखता येते. प्रयोगशाळेचा कागद नसेल तर विकत घेताना बसऱ्याचा भाव देऊ नका आणि विकताना तो शब्द लिहू नका.

पैशांच्या बाबतीत जुने प्रकार बहुतेकांना माहीत झालेत. लष्करात अधिकारी असल्याचं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा, आधी एक रुपया टाकून मग ‘पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा. पिन टाकावा लागला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. ‘चुकून १,८५० ऐवजी १८,५०० गेले, उरलेले परत करा’ असं म्हणून दाखवला जाणारा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो, बँकेच्या नावाने नाही. स्क्रीनशॉट आणि ‘पेमेंट सक्सेसफुल’चा हिरवा पडदा दोन्ही खोटे बनवणारी ॲप आहेत. खात्यातली शिल्लक बघा.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे पैसे खरोखर येतात. ते दुसऱ्या कुणाला तरी फसवून मिळवलेले असतात, आणि चांदी-सोनं घेऊन ते पचवले जातात. त्या फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैशांचा माग काढत काढत तुमचं खातं गोठवलं जातं, तेही बहुधा दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर. हार गेलेला, पैसे अडकलेले. ऑर्डर एका नावाने, पैसे दुसऱ्याच नावाच्या खात्यातून आणि पत्ता तिसऱ्याच गावचा, असं दिसलं तर पाठवणी थांबवा आणि पैसे आले त्याच खात्यात परत करा, दुसऱ्या कुठल्याही नंबरवर नाही. तरी खातं गोठलंच, तर बिल, चॅट, कुरियरची पावती आणि पॅकिंगचा व्हिडिओ घेऊन बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या आणि त्या पोलीस ठाण्याला लेखी खुलासा पाठवा.

तुमचेच फोटो उचलून, नावात एक अक्षर बदलून, निम्म्या किमतीत आगाऊ पैसे घेणारी खोटी पानंही निघतात. चिडलेली गिऱ्हाइकं मात्र तुमच्याकडे येतात. फोटोच्या कोपऱ्यातलं नाव कापता येतं, म्हणून ते दागिन्यावरूनच जाऊ द्या.

कुरियरबद्दल दोन गोष्टी. बहुतेक खासगी कुरियरच्या अटींत मौल्यवान धातू आणि दागिने नेण्याच्या मालातून वगळलेले असतात. तुम्ही ‘फॅन्सी आयटम’ लिहून पाठवलं आणि पार्सल हरवलं तर भरपाई मागता येत नाही. पोस्टात विमा उतरवता येतो, तिथे खरी किंमत लिहा. आणि परदेशातल्या मराठी गिऱ्हाइकांना खूश करायला ‘दीडशे वर्षं जुनी वाकी’ असं लिहिण्याआधी १९७२ चा पुरावस्तू कायदा आठवा. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वय माहीत नसेल तर ‘जुन्या घडणीची’ लिहा.

फसवणूक झालीच तर पैशांच्या व्यवहारासाठी १९३० वर लगेच, त्याच दिवशी, फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आतच थांबवता येतात. बदललेल्या हारासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि स्थानिक पोलीस ठाण्यात तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. ग्राहक आयोगाकडे जाऊन काही होत नाही: गिऱ्हाइकाविरुद्ध विक्रेता तिथे दाद मागू शकत नाही, आणि पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाबाबत तुम्ही कायद्याने ग्राहकच नसता. व्हिडिओची मूळ फाइल ज्या फोनवर काढली त्याच फोनवर राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत दाबली जाते आणि तिची तारीखही बदलते. न्यायालयात ती दाखवायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात तो फोन कोणता हे लिहावं लागतं. परत आलेला गिलटाचा हार खोक्यासकट, लेबलासकट तसाच ठेवा. रागाच्या भरात तो त्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारे विक्रेते आहेत, आणि मग पोलिसांना दाखवायला त्यांच्याकडे काहीच उरत नाही.