वृंदावनी तुळशीची जपमाळ: नव्या परदेशी भक्ताने घेताना काय पाहावे

लंडन, न्यूयॉर्क किंवा सिडनीत विशी-बाविशीत इस्कॉनकडे (हरे कृष्ण संप्रदायाकडे) वळलेल्या मुलामुलींना मित्रमंडळी बहुधा वृंदावनच्या लोई बाजारातला संच आणून देतात: १०८ मणी आणि एक मेरुमणी असलेली जपमाळ, गोमुखी (माळ आत ठेवून जप करायची पिशवी) आणि साक्षीमण्यांची, म्हणजे झालेल्या माळा मोजायच्या मण्यांची, दोरी. यातले लाकूड छान असते, गोमुखी बरी असते, दोरा मात्र पुष्कळदा कच्चा निघतो. जास्तीचे पैसे मोजायचेच तर ते दोऱ्यासाठी आणि गाठींसाठी मोजावेत, मण्यांवरच्या नक्षीसाठी नव्हे.

कारण या माळेला विश्रांती नाही. हरे कृष्ण महामंत्रात १६ नामे, तो दर मण्याला एकदा म्हणायचा, म्हणजे एका माळेत १,७२८ आणि इस्कॉनच्या नेमाच्या रोजच्या १६ माळांत २७,६४८. सरावलेल्या हाताला एका माळेला सात-आठ मिनिटे पुरतात, तरी दिवसाचे दोन तास जातातच. नवख्याला दहा-बारा मिनिटे लागतात. कॉलेज आणि दुकानातली पाळी सांभाळून पहिल्याच आठवड्यात सोळांची उडी घेतली की उच्चार चेपले जातात आणि पुढे जपच सुटतो. आधी दोन माळा, त्या स्थिर झाल्या की चार, मग आठ, असे वाढवावे.

मणी साधारण ८ ते १० मिलिमीटरचे घ्यावेत. लहान मणी दिसायला नाजूक, पण अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीत नीट सापडत नाहीत, आणि एकदम दोन सरकतात. गौडीय (इस्कॉनच्या बंगाली वैष्णव परंपरेच्या) पद्धतीच्या माळेत मणी मोठ्याकडून लहानाकडे उतरत जातात. जप मोठ्या बाजूने सुरू करायचा, मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. विकत घेताना मणी मोजाच. १०७ किंवा १०९ भरणाऱ्या माळा बाजारात असतात.

दोन मण्यांमध्ये गाठ हवीच, आणि गाठीपाशी मणी थोडा हलला पाहिजे. गाठ घट्ट असेल तर मणी बोटाखाली फिरत नाही, सैल असेल तर गाठ मण्याच्या भोकात शिरते. नायलॉनची गाठ सुटते. पिळाचा जाड सुती दोरा चांगला. भोकाची कड धारदार राहिली असेल तर तोही झिजतो, म्हणून भोके उजेडात धरून पाहावीत.

थंड देशांत खरा त्रास हिवाळ्यात. दिवसरात्र हीटर चालणाऱ्या खोलीत हवा कोरडी होते आणि तुळशीच्या मण्याला चीर जाते. घेतल्यावर तिळाच्या तेलाचे बोट फिरवून रात्रभर ठेवावे आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसावे. माळ तेलात बुडवू नये, दोरा तेल पितो.

गोमुखीचे भोक तर्जनी बाहेर राहील एवढे हवे, कारण तर्जनीचा मण्यांना स्पर्श चालत नाही. गळ्यात अडकवायचा पट्टा रुंद असावा. माळ शौचालयात नेत नाहीत आणि जमिनीवर ठेवत नाहीत, तेव्हा कामाच्या ठिकाणी खुंटीला टांगता येईल अशी, तोंडाला चेन असलेली पिशवी सोयीची. साक्षीमणी दोरीवर घट्ट बसतात ना, तेही पाहा. सैल असले तर चालताना घसरतात आणि माळांची मोजदाद जाते.

दीक्षेआधी कडुनिंबाची माळ पुरेशी आहे. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद यांच्या पहिल्या अमेरिकन शिष्यांनी साधे लाकडी मणी आणून स्वतःच ओवले होते. दीक्षेला किमान वर्षभर १६ माळा आणि चार नियम (मांसाहार, नशा, जुगार आणि अवैध संबंध वर्ज्य) पाळावे लागतात. त्या वेळी गुरू ज्या माळेवर जप करून ती परत देतात, ती आयुष्यभराची. म्हणून चांगली तुळस तेव्हा घ्यावी.

पंढरपूरहून माळ भेट पाठवणाऱ्या मराठी घरांनी एक ध्यानात ठेवावे: वारकऱ्याची माळ गळ्यात घालायची. तिची तुळस तितकीच पवित्र, पण गोमुखीतल्या जपासाठी गाठींची आणि मेरू असलेली माळ मागून घ्यावी. ऑस्ट्रेलियाला नेताना लाकडी वस्तू म्हणून विमानतळावर जाहीर करावी लागते. किडीचे भोक दिसले तर अडवतात.

दोरा तुटला तर मणी लगेच गोळा करून मोजावेत, तेच मणी त्याच क्रमाने नव्या दोऱ्यात ओवावेत.